पॅलेस्टाइन : वैर धर्माचे की वाद जमिनीचा?

यहुदी आणि मुसलमान यांचे वैर चौदाशे वर्षांपासून चालत आले आहे, हे वाक्य आपल्याकडे दोन बाजूंनी बोलले जाते. वृत्तवाहिन्यांवरचे काही पंडित ते मुसलमानांना दोष देण्यासाठी बोलतात आणि आपल्या मोहल्ल्यातील काही वक्ते तेच वाक्य यहुद्यांना दोष देण्यासाठी बोलतात. उर्दू शाळेत इतिहास शिकवताना मला ते विद्यार्थ्यांच्या तोंडूनही ऐकू येते. गाझातील उद्ध्वस्त घरांची छायाचित्रे या मुलांनी मोबाइलवर पाहिलेली असतात, मन पेटलेले असते, आणि हे सोपे उत्तर त्यांना पटते. परंतु इतिहासाची पाने चाळली असता ते टिकत नाही. पॅलेस्टाइनचा झगडा मुळात जमिनीचा आहे आणि तो सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडे जात नाही. हे समजून घेण्यासाठी सुरुवात आपल्या कोकणापासूनच करावी लागेल.

शनिवार तेल्यांचे कोकण

अलिबागजवळ नवगाव नावाचे गाव आहे. शेकडो वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांचे वंशज म्हणजे बेने इस्रायल, असे या समाजाची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोकांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. राहत्या गावांवरून पेणकर, केहिमकर, दिवेकर, अष्टमकर अशी आडनावे पडली. त्यांची घरची भाषा मराठी. प्रार्थनास्थळाला ते 'मशीद' म्हणत, धर्मविधी करणाऱ्याला 'काजी' म्हणत, आणि नवस फेडताना किंवा शुभकार्यात एलियाहू हन्नाबी म्हणजे हजरत इलियास यांच्या नावाने मलिदा करीत. हे शब्द कोणत्या शेजाऱ्यांच्या बोलण्यातून आले, हे वेगळे सांगायला नको.

मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. आजचे 'मस्जिद बंदर' हे नाव त्या यहुदी मशिदीवरूनच पडले, असे मानणारे अभ्यासक आहेत. ठाण्याचे सिनेगॉग १८७९ सालचे. वसई-विरारचा परिसर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, तेव्हा हे सिनेगॉग आपल्याही जुन्या जिल्ह्याचा वारसा आहे. मुस्लिम नवाबाच्या जंजिरा संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी हे बेने इस्रायली गृहस्थ कारभारी होते. शतकानुशतकांच्या या शेजारात कोकणच्या मुसलमानांनी यहुद्यांची कत्तल केल्याची नोंद इतिहासात नाही. वैर चौदाशे वर्षांचे असते, तर ते अलिबाग-मुरूडच्या मोहल्ल्यांतही दिसायला हवे होते.

द्वेष कुठे जन्मला?

यहुद्यांचा छळ झाला, हे शंभर टक्के खरे आहे. तो प्रामुख्याने युरोपात झाला. १४९२ साली स्पेनने आपल्या यहुद्यांना देशाबाहेर काढले. त्यांच्यापैकी असंख्य लोकांना उस्मानी सुलतान दुसरा बायझीद याने आपल्या राज्यात आसरा दिला. मुस्लिम राज्यांत त्यांना बरोबरीचे हक्क होते असे नाही. जिझिया होता, दुय्यम दर्जा होता, काही ठिकाणी हल्लेही झाले. पण युरोपासारखी सततची हद्दपारी आणि जाळपोळ तिथे नव्हती.

त्या छळाची एक झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली होती. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. पुढे मुंबई बेट गार्सिया द ओर्ता या नामवंत वैद्याला भाडेपट्ट्याने मिळाले. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी होते आणि पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते. ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. पुढच्याच वर्षी 'गुप्तपणे यहुदी धर्म पाळते' या आरोपावरून त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळली. हा दोष त्या काळच्या धर्मसत्तेचा आहे. वसईतील आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना त्याचा जाब विचारणे जितके चुकीचे, तितकेच आजच्या एखाद्या यहुद्याला इस्रायल सरकारच्या कृत्यांचा जाब विचारणे चुकीचे, हेही लगोलग लक्षात घ्यावे.

१८८१ नंतर रशियन साम्राज्यात यहुद्यांवर हल्ल्यांची लाट आली. फ्रान्समध्ये १८९४ साली ड्रायफस या निरपराध यहुदी लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवण्यात आले. युरोपात आपल्याला कधीच सुखाने राहू देणार नाहीत, अशी अनेक यहुद्यांची खात्री झाली. थिओडोर हर्झल यांनी १८९६ मध्ये यहुदी राष्ट्राची कल्पना पुस्तकरूपाने मांडली आणि १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरवली. या परिषदेचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांनाही आले होते. त्यांनी ते स्वीकारले नाही. पवित्र भूमीकडे परतणे ईश्वराच्या इच्छेने घडेल, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्यांचा छळ झाला नव्हता त्यांना नवे राष्ट्र नको होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

कसणारा एक, कागदावर दुसरा

परंतु ज्या भूमीवर हे राष्ट्र उभारायचे होते ती रिकामी नव्हती. १९२२ च्या ब्रिटिश जनगणनेनुसार पॅलेस्टाइनची लोकसंख्या सुमारे ७ लाख ५७ हजार होती. त्यात मुसलमान ५ लाख ९० हजार, यहुदी सुमारे ८४ हजार आणि ख्रिस्ती ७३ हजार होते. म्हणजे चाळीस वर्षांच्या स्थलांतरानंतरही यहुदी शेकडा अकराच होते. पॅलेस्टिनी समाजात ख्रिस्तीही होते, हे आपण नेहमी विसरतो.

जमीन कशी गेली हे कोकणातल्या माणसाला चटकन कळेल. १८५८ मध्ये उस्मानी सरकारने जमिनीची नोंद करण्याचा कायदा केला. कर वाढेल, मुलांना सैन्यात ओढतील, या भीतीने अनेक शेतकऱ्यांनी आपली नावे लावलीच नाहीत. जमिनी शहरांतील धनाढ्यांच्या नावावर चढल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा कुळ झाला आणि गाव न पाहिलेला माणूस मालक झाला. बैरुतच्या सुरसुक घराण्याने मर्ज इब्न आमिरच्या सुपीक मैदानातील आपल्या प्रचंड जमिनी १९२० च्या दशकात झायोनिस्ट संस्थांना विकल्या. विकणारे अरब होते, हे खरे. व्यवहार कायदेशीर होता, हेही खरे. पण तिथल्या कुळांना घरदार सोडून निघावे लागले. आपल्याकडे खोताने जमीन विकली तर कुळाचा खोत बदले, गाव बदलत नसे. तिथे खरेदी करणाऱ्याला केवळ खंड नको होता, त्याला आपली माणसे वसवण्यासाठी मोकळी जमीन हवी होती. फरक तो हाच.

आपल्या पालघर भागात तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी १९४५ साली जमीनदारांविरुद्ध उठाव केला. १९४८ मध्ये मुंबई राज्यात कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने अनेक कुळांना मालक केले. सर्वांना न्याय मिळाला असे नाही, पण दिशा कसणाऱ्याच्या बाजूने होती. त्याच १९४८ साली पॅलेस्टाइनचा शेतकरी मात्र शेताबाहेर फेकला जात होता.

एकाच भूमीची तीन वचने

हे घडवून आणण्यात सर्वांत मोठा वाटा ब्रिटिश साम्राज्याचा होता. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध उठावे म्हणून ब्रिटिशांनी १९१५-१६ मध्ये मक्केचे शरीफ हुसेन यांना अरबांच्या स्वातंत्र्याचे आश्वासन दिले. मे १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर गुप्त करार करून तोच प्रदेश आपसांत वाटून घेतला. आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथशिल्ड यांना पत्र लिहून पॅलेस्टाइनमध्ये यहुद्यांचे 'राष्ट्रीय घर' उभारण्यास पाठिंबा जाहीर केला. या पत्रात नव्वद टक्के रहिवाशांचे 'अरब' हे नावसुद्धा नाही. 'यहुदी नसलेले समाज' एवढाच त्यांचा उल्लेख आहे, आणि त्यांना नागरी व धार्मिक हक्कांची हमी आहे, राजकीय हक्कांची नाही.

ब्रिटिश मंत्रिमंडळात याला कडाडून विरोध करणारा माणूस कोण होता? भारतमंत्री एडविन माँटेग्यू. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे हे नाव आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. ते स्वतः यहुदी होते, मंत्रिमंडळातील एकमेव. २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली आणि त्याच आठवड्यात मंत्रिमंडळाला एक टिपण दिले. यहुद्यांचे राष्ट्र पॅलेस्टाइनमध्ये आहे असे म्हटले की प्रत्येक देशातील यहुदी नागरिक परका ठरतो, आणि पॅलेस्टाइनचे रहिवासी त्यांच्याच देशात परके ठरतात, असा त्यांचा मुद्दा होता. ते हरले. झायोनिझमला पहिला मोठा विरोध करणाऱ्यांत एक यहुदी भारतमंत्री होता, हे चौदाशे वर्षांच्या वैराची भाषा करणाऱ्या दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावे.

ही भूमी तुर्कांकडून जिंकताना हिंदी रक्तही सांडले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने घेतले. जिंकणारे शिपाई गुलाम देशाचे होते आणि जिंकलेला देशही गुलामच होणार होता.

ठिणगी ते वणवा

१९२२ मध्ये राष्ट्रसंघाने ब्रिटनला पॅलेस्टाइनचा कारभार अधिकृतपणे सोपवला. स्थलांतर वाढत गेले आणि ठिणग्या पडू लागल्या. ऑगस्ट १९२९ च्या दंगलीत हेब्रॉन येथे ६७ यहुदी मारले गेले. ही कत्तल अरबांनी केली, ती लपवण्याचे कारण नाही. त्याच गावात अनेक अरब कुटुंबांनी यहुद्यांना घरात लपवून वाचवले, हेही लपवू नये. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, अन्य देशांनी दारे लावून घेतली आणि जीव वाचवायला निघालेले यहुदी पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याला लागले. १९३६ ते १९३९ अरबांचा उठाव झाला. ब्रिटिशांनी तो निर्दयपणे चिरडला. १९३७ मध्ये पील आयोगाने फाळणीची शिफारस केली. नंतर युरोपात साठ लाख यहुदी मारले गेले. पाप युरोपचे होते, भरपाई पॅलेस्टाइनच्या शेतकऱ्याकडून घेतली गेली.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अकरा सदस्यांच्या समितीत भारताचे प्रतिनिधी न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान होते. इराण आणि युगोस्लाव्हियासह भारताने फाळणीऐवजी एकाच संघराज्याची योजना मांडली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी मतदान झाले. फाळणीच्या बाजूने ३३, विरोधात १३, दहा तटस्थ. लोकसंख्येत एक तृतीयांश असलेल्या यहुद्यांच्या राज्याला निम्म्याहून अधिक भूमी देण्यात आली. नुकतीच स्वतःची फाळणी भोगलेल्या भारताने विरोधात मत दिले.

यानंतर हिंसाचार भडकला. ९ एप्रिल १९४८ रोजी देर यासीन गावात शंभराहून अधिक अरब मारले गेले. चार दिवसांनी हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या ताफ्यावरील हल्ल्यात सुमारे ७८ यहुदी मारले गेले. १४ मे रोजी इस्रायलची घोषणा झाली आणि शेजारच्या अरब राष्ट्रांच्या फौजा युद्धात उतरल्या. युद्ध संपले तेव्हा इस्रायलकडे ७८ टक्के भूमी होती आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले होते. यालाच ते 'नक्बा' म्हणजे महासंकट म्हणतात. डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १९४ क्रमांकाच्या ठरावाने शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना परतू द्यावे, न परतणाऱ्यांना भरपाई द्यावी, असे सांगितले. इस्रायलने १९५० मध्ये 'अनुपस्थितांच्या मालमत्तेचा' कायदा करून त्यांची घरे-शेते ताब्यात घेतली. 'कस्टोडियन' हा शब्द आपल्याकडच्या ज्या कुटुंबांना आठवतो, त्यांना या कायद्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पुढील काही दशकांत अरब देशांतील लाखो यहुद्यांनाही आपली जुनी घरे सोडावी लागली. त्यांचे दुःखही याच हिशेबात धरले पाहिजे.

लोदमधील मराठी

आता कोकणातल्या आपल्या शेजाऱ्यांकडे परत येऊ. १९४८ नंतर बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला जाऊ लागली. त्यांना येथून कोणी हाकलले नव्हते. धर्मश्रद्धा आणि चांगल्या आयुष्याची आशा त्यांना तिकडे घेऊन गेली. त्यांच्यापैकी पुष्कळजण लोद, रामला, बीरशेबा, दिमोना येथे वसले. यांपैकी लोद आणि रामला ही शहरे जुलै १९४८ मध्ये पॅलेस्टिनींना हाकलून रिकामी करण्यात आली होती. पन्नास ते सत्तर हजार माणसे उन्हातान्हात चालत निघाली होती. आपल्या आधी येथे कोण राहत होते, हे या मराठी माणसांनी ठरवलेले नव्हते. पण इतिहासाने त्यांना त्या जागी नेऊन ठेवले.

तिथेही त्यांना सुख सहज मिळाले नाही. रंगावरून, नोकरीवरून भेदभाव झाला आणि १९५२ च्या सुमारास शंभरावर लोक आंदोलन करून भारतात परत आले. १९६२ मध्ये धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदी असण्यावरच शंका घेतली आणि लग्नापूर्वी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. मोठा लढा झाला, तेव्हा कुठे १९६४ मध्ये इस्रायली संसदेने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली. ज्या कोकणात कोणी त्यांची वंशावळ तपासली नाही, तिथून ते 'आपल्या' देशात गेले आणि परके ठरले. पुढे त्यांनीच तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमधील सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतरच्या दोन वर्षांत इस्रायलच्या हल्ल्यांत गाझातील साठ हजारांहून अधिक माणसे मारली गेल्याचे तेथील आरोग्य खाते सांगते. त्यात हजारो मुले आहेत. गाझातील बहुसंख्य रहिवासी १९४८ च्या निर्वासितांचेच वंशज आहेत. म्हणूनच मुळाचा प्रश्न आजही जिवंत आहे.

हा प्रश्न धर्मवैराचा मानला तर त्याला शेवटच नाही, कारण कोणी आपला धर्म सोडणार नाही. तो जमिनीचा मानला तर जमीन मोजता येते, परत देता येते, भरपाई ठरवता येते, हद्द आखता येते, कसणाऱ्याचे नाव पुन्हा कागदावर चढवता येते. हे कठीण आहे, पण अशक्य नाही. आपल्या मुलांनी पॅलेस्टिनींच्या बाजूने जरूर उभे राहावे. मात्र ते यहुद्यांच्या द्वेषातून नव्हे, तर आपल्या गावातून हाकलल्या गेलेल्या माणसाच्या हक्कासाठी. शनिवार तेल्यांच्या शेजारात पिढ्या काढलेल्या कोकणाला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये.