शिकवणारे विद्यापीठ

मुंबईच्या ओव्हल मैदानावरून राजाबाई मनोऱ्याकडे पाहणाऱ्या नवख्या माणसाला सहज असे वाटते की, या इमारतीत पहिल्या दिवसापासून वर्ग भरत आले असतील, फळ्यावर खडू फिरत आले असतील. तसे काही नव्हते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या त्यावेळच्या नमुन्यावर. शिकवायचे कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी ही वाटणी होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले खरे. पण त्यांना शिकवले ते एल्फिन्स्टन कॉलेजाने. विद्यापीठाने पेपर काढले, तपासले आणि पदव्या दिल्या. अधूनमधून एखादी व्याख्यानमाला होई, पण स्वतःचे प्राध्यापक, स्वतःचे विद्यार्थी असा संसार विद्यापीठाने साठ वर्षे मांडलाच नाही.

आता यात बिघडले काय, असे कोणी विचारील. रानडे-भांडारकरांसारखी माणसे निघालीच की! निघाली, कबूल. पण परीक्षा जे माहीत आहे तेच विचारते. जे अजून कोणालाच माहीत नाही, ते शोधायला ती शिकवीत नाही. एक उदाहरण देतो. भीमराव आंबेडकर १९१२ साली याच विद्यापीठाचे बी. ए. झाले. हिंदुस्थानातील जातींची उत्पत्ती आणि घडण यांवरचा त्यांचा निबंध मात्र १९१६ साली वाचला गेला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या एका अभ्यासवर्गापुढे. ते तिकडे गेले बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, ही गोष्ट वेगळी. पण समजा ते मुंबईतच राहिले असते, तरी हा निबंध वाचायचा कोणापुढे? ज्या शहराच्या चाळीचाळींत आणि गिरण्यांच्या खात्याखात्यांत जात पावलोपावली भेटत होती, त्या शहराच्या विद्यापीठात समाजशास्त्राची खुर्चीच नव्हती.

१९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली. कलकत्त्याने आशुतोष मुखर्जींच्या धडाडीने १९१७ साली पदव्युत्तर वर्ग सुरू केले. मुंबईने जरा सावकाश, पण १९१९ साली पाऊल टाकले आणि समाजशास्त्राचा विभाग काढला. त्यावर पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश गृहस्थांना आणले. माणूस मुळात वनस्पतिशास्त्राचा, हक्सलेचा विद्यार्थी. पुढे त्यांना शहरांचे वेड लागले. झाड जसे माती, पाणी, ऊन यांच्या संगतीने समजून घ्यायचे तसेच शहरही, असे त्यांचे म्हणणे. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा मंत्र. इंदूर संस्थानात नगररचनेचे काम करताना त्यांनी दिवाळीत प्लेगच्या राक्षसाची मिरवणूक काढवली आणि ज्या भागातील घरे उत्तम झाडली-सारवली असतील, त्या भागातून ती नेण्याचे जाहीर केले. मग काय, अंगणे आपोआप स्वच्छ झाली! अशा माणसाचा वर्ग चार भिंतींत मावणे कठीणच. नकाशे, चित्रे, कागदाच्या घड्या घालून केलेले तक्ते आणि पायी भटकंती यांतून त्यांचे शिकवणे चाले. टिपणे उतरवून घेऊन पास होण्याची सवय झालेल्या मुलांना ते कितपत मानवले असेल, कोण जाणे. १९२४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले.

त्यांनी मागे ठेवलेली खरी ठेव म्हणजे त्यांनी निवडलेला एक विद्यार्थी. मालवणला जन्मलेले, संस्कृत घेऊन एम. ए. झालेले गोविंद सदाशिव घुर्ये. गेडीस यांच्या शिफारशीने ते इंग्लंडला गेले, केंब्रिजला रिव्हर्स यांच्या हाताखाली राहिले, रिव्हर्स १९२२ साली वारले तेव्हा हॅडन यांच्याकडे प्रबंध पुरा केला आणि १९२४ साली परत येऊन विभागाचे प्रमुख झाले. पुढची पस्तीस वर्षे म्हणजे १९५९ पर्यंत हा विभाग आणि घुर्ये हे दोन शब्द लोक एका श्वासात उच्चारीत. जात आणि वंश यांवरचे त्यांचे पुस्तक १९३२ चे.

घुर्ये स्वतः ग्रंथांत रमणारे. खेड्यापाड्यांत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणारे ते नव्हेत. पण विद्यार्थ्याला ते बाहेर धाडीत, आणि तेही त्याच्या स्वतःच्या मुलखात, स्वतःच्या माणसांत. इरावती कर्वे यांनी त्यांच्याकडे चित्पावनांवर प्रबंध लिहिला. म्हैसूरहून आलेले एम. एन. श्रीनिवास यांनी कन्नड मुलखातील विवाह आणि कुटुंब हा विषय घेतला. ते पुस्तकरूपाने १९४२ साली आले. अक्षयकुमार देसाई तर पक्के मार्क्सवादी. गुरूचे आणि त्यांचे विचार दोन टोकांचे. तरी राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा त्यांचा प्रबंध याच विभागात तयार झाला आणि पुढे विभागाची धुराही त्यांच्याकडे आली. मला या विभागाचे मोठेपण यातच दिसते. सगळे शिष्य एकाच साच्याचे निघाले असते तर त्याला गुरुकुल म्हटले असते, विद्यापीठ म्हणवले नसते.

अर्थात घुर्ये यांचे सगळेच मान्य करावे असे नाही. आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू, असे त्यांनी व्हेरिअर एल्विन यांच्याशी वाद घालताना १९४३ साली मांडले. आदिवासींना वेगळे ठेवू नका, हा त्यातला आग्रह समजू शकतो. पण त्यांना काय म्हणवून घ्यायचे आहे हे त्यांनाच विचारावे, हा साधा प्रश्न त्यात मागे पडला, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवले ते योग्यच केले.

शेजारी अर्थशास्त्राचा विभाग होता. तेथे के. टी. शहा, मग सी. एन. वकील. त्यांच्याविषयी स्वतंत्रच बोलावे लागेल. आज आणखी एकाच शाळेचे नाव घेतो, कारण तिची तऱ्हाच निराळी.

मुंबईच्या गिरण्या लाखो वार कापड विणीत, पण त्याला लागणारा रंग बहुतेक जर्मनीहून यायचा. पहिले महायुद्ध पेटले, माल थांबला आणि रंगाचे भाव कडाडले. कापड आपले, रंग परका, ही गोष्ट तेव्हा गिरणीवाल्यांना चांगलीच झोंबली. विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला. कापडाचे रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे त्याचे आरंभीचे विषय. इथे हेतू उघड होता: कारखान्यात उभा राहील असा माणूस तयार करायचा. मग हे विद्यापीठाचे काम की कारखान्याच्या शिकाऊ वर्गाचे? त्याचे उत्तर १९३८ साली प्रमुख झालेल्या डॉ. के. वेंकटरामन यांनी वाद न घालता दिले. रंगाच्या बादलीपासून सुरुवात करून ते थेट रेणूच्या रचनेपर्यंत पोचले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ साली निघाला आणि देशोदेशीच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

युद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, हा विभाग कोटातून माटुंग्याला गेला. अंतर काही मैलांचे, पण विभाग हळूहळू आपल्या पायांवर उभा राहत गेला आणि २००८ साली त्याला स्वतःलाच विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज त्याच्या पदव्या तो स्वतः देतो, आणि परीक्षाही स्वतःच घेतो. राजाबाई मनोऱ्याचे विद्यापीठ मात्र अजूनही शेकडो कॉलेजांच्या उत्तरपत्रिका सांभाळते आहे, आणि निकाल लांबला की त्याचे नाव वर्तमानपत्रात येते.