टपालातला फिरंगी

14 डिसेंबर 1799 रोजी जॉर्ज वॉशिंग्टन गेले आणि माऊंट व्हर्ननला, त्यांच्या घरी, सांत्वनपत्रांची रीघ लागली. त्या काळी टपालहशील बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी बसे. जितके लोक हळहळणार, तितका पत्नी मार्था वॉशिंग्टन यांना भुर्दंड. एप्रिल 1800 मध्ये अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला: त्यांचं येतं-जातं टपाल हयातभर फुकट. राष्ट्राध्यक्षांना ही सवलत 1792 च्या कायद्यानेच होती. जेफरसन यांना ती निवृत्तीनंतरही होती. 1820 या एका वर्षात त्यांना 1,267 पत्रं आली.

सवलतवाल्याने पत्र धाडताना कोपऱ्यात सही करायची. ती सही म्हणजे ‘फ्रँक’. हा शब्द आपल्या ‘फिरंगी’चा सख्खा भाऊ आहे हे कळलं, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

‘फ्रँक’ म्हणजे मोकळा, हशिलातून सुटलेला. काहींच्या मते फ्रँक या जर्मानिक टोळीला नाव पडलं ते ती स्वतंत्र बाण्याची म्हणून. मला हे उलटं वाटतं. गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकल्यावर पूर्ण हक्क उरले जेत्या फ्रँकांकडे, म्हणून ‘फ्रँक’चा अर्थ ‘मोकळा’ झाला. आधी टोळी, मग मोकळीक.

मग टोळीचं नाव कुठलं? मी भाल्याच्या बाजूचा. सॅक्सनांच्या जुन्या इंग्रजीत ‘फ्रांका’ म्हणजे फेकायचा भाला. सॅक्सनांचं नावही ‘सेआक्स’ या सुऱ्यावरून आलं असं मानतात. विरोधक म्हणतात, भाल्यालाच टोळीचं नाव मिळालं असेल. त्यांना बळ देणारा पुरावा नेमका मराठीत आहे! क्रुसेडांच्या काळात पश्चिम युरोपातला प्रत्येक जण अरबांना ‘इफ्रंज’ झाला. फारसीत ‘फरंग’, आणि आपल्याकडे फिरंगी, त्यातही पोर्तुगीज. त्यांच्या मुलखातल्या सरळ पात्याची तलवार ती ‘फिरंग’. इथे लोकांचं नाव शस्त्राला लागलं, हे मला मान्यच करावं लागतं. पण ते पातं गलबतातून आलेला परका माल होता. परक्या मालाला परक्याचं नाव चिकटतंच. भाला तर सॅक्सनांच्या घरोघरी होता. स्वतःच्या भाल्याला ते शेजाऱ्याचं नाव कशाला देतील? म्हणून मी म्हणतो: भाल्यावरून टोळी, टोळीवरून मोकळीक आणि पुढे सही; दुसऱ्या वाटेने फिरत फिरत पुन्हा शस्त्र.

राष्ट्राध्यक्षांकडे ही सवलत आली ती इंग्लंडच्या पार्लमेंटकडून. तिथे कॉमन्सने सभासदांसाठी मोफत टपाल मागितलं 1660 मध्ये. त्याच साली चाकणचा किल्ला शाइस्ताखानाविरुद्ध पन्नासावर दिवस झुंजत होता आणि किल्लेदाराचं नाव होतं फिरंगोजी नरसाळा.