टिफ्रॅक ते परम : संगणकाच्या पुनर्रचनाक्षम यंत्रणेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये पं. जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले अधिवेशन हे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होय. त्यासोबतचे खादी व ग्रामोद्योग प्रदर्शन हे स्वदेशीच्या विचाराचे दृश्य रूप होते. पुढे १९६२ मध्ये नेहरूंनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या संगणकाला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. संगणकाच्या बाबतीत स्वदेशी कशाला म्हणावे, सुट्या भागाला की भागांच्या रचनेला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

स्थिर यंत्र, बदलती आज्ञावली :
अमेरिकेतील एनिॲक या आरंभीच्या संगणकावर नवे गणित करावयाचे झाल्यास तारांची जोडणी बदलावी लागे. जॉन व्हॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या अहवालात आज्ञावली स्मृतीतच साठविण्याची कल्पना मांडली गेली. त्यामुळे यंत्र तेच राहून काम बदलणे शक्य झाले. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली उभारलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक याच तत्त्वावर चाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. त्याच वर्षी अमेरिकेत जेराल्ड एस्ट्रिन यांनी संगणकाचा काही भाग स्थिर व काही भाग बदलता ठेवण्याची कल्पना मांडली. तथापि तिला अनुरूप असे तंत्र त्या काळी उपलब्ध नव्हते.

बदलती जोडणी :
१९८० च्या दशकात अमेरिकेने भारतीय विज्ञान संस्थेसाठी क्रे महासंगणक देण्यास नकार दिला. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला इतरांशी जोडणारे चार दुवे असत आणि ही जोडणी कामाच्या स्वरूपानुसार बदलता येई. चिप परकीय होती. परंतु अनेक चिपांना एकत्र राबविणारी रचना व आज्ञावली येथील अभियंत्यांची होती.

बदलता परिपथ :
१९८५ मध्ये अमेरिकेच्या झायलिंक्स कंपनीने पहिली एफपीजीए चिप बाजारात आणली. तिच्यात ६४ तर्कखंड होते. अशा खंडाचा गाभा म्हणजे एक लहानसे कोष्टक होय. चार निविष्टींच्या १६ शक्यता होतात. प्रत्येक शक्यतेचे उत्तर, शून्य किंवा एक, कोष्टकात लिहिलेले असते. ही उत्तरे बदलली की तोच खंड कधी तुलना करतो, तर कधी बेरजेत भाग घेतो. खंडांना जोडणारे मार्गही याच रीतीने बदलता येतात. सामान्य प्रक्रियक आज्ञा क्रमाने घेतो; येथे परिपथच त्या कामापुरता घडविला जातो. त्यामुळे जनुकीय क्रमांची तुलना करण्यासारखी, एकाच प्रकारची असंख्य कामे एकाच वेळी करता येतात. अर्थात अशी चिप त्याच कामासाठी घडविलेल्या स्थिर चिपेइतकी वेगवान नसते. सी-डॅकनेही पुढे याच तत्त्वावर पुनर्रचनाक्षम संगणन प्रणाली विकसित केली.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रथम आज्ञावली, नंतर जोडणी व शेवटी प्रत्यक्ष परिपथ बदलता झाला. ट्रान्सप्युटर १९९० च्या दशकात मागे पडला, तरी सी-डॅकचे कार्य थांबले नाही. १९९८ चा 'परम १००००' सन कंपनीच्या प्रक्रियकांवर उभा राहिला. परकीय चिप गेली, पण ती राबविताना मिळविलेले ज्ञान उरले. रचनेचे ज्ञान हेच स्वदेशीचे टिकाऊ अंग होय, असे म्हणता येईल. मात्र चिपेसाठीचे परावलंबन कायम असेपर्यंत हे स्वदेशी अपुरेच मानावे लागेल. एफपीजीएचे शिक्षण ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचणे त्या दृष्टीने अगत्याचे आहे. परिपथ स्वतः घडवून पाहणारा विद्यार्थीच उद्या चिपेची रचना करू शकेल.