एमआर-लिनॅक

एमआरआय यंत्र आणि किरणोपचाराचा रेषीय त्वरक म्हणजेच लिनॅक एकत्र बसवून केलेले कर्करोगावरील उपचारयंत्र. रुग्ण बोगद्यात असताना आणि किरण प्रत्यक्ष चालू असताना गाठ व तिच्या शेजारचे अवयव यात दिसत राहतात. १९९९ च्या सुमारास नेदरलँड्समधील युत्रेख्त विद्यापीठाच्या रुग्णालयात यान लागेंडाइक आणि बास राइमाकर्स यांनी ही कल्पना मांडली. कॅनडातील एडमंटन आणि अमेरिकेतील फ्लोरिडा येथे जवळपास त्याच काळात वेगळ्या वाटांनी हेच चालले होते.

गरज कशामुळे पडली, हे एका साध्या हिशेबावरून कळते. पोटातले अवयव एका जागी राहत नाहीत. श्वासाबरोबर यकृत वरखाली होते, मूत्राशय भरते, मलाशयात वायू साठतो. नेम चुकू नये म्हणून डॉक्टर गाठीभोवती चहूबाजूंनी थोडी जास्तीची जागा धरतात. रुग्णालयात हिला ‘मार्जिन’ म्हणतात. ४ सेंमी. व्यासाच्या गोल गाठीभोवती ५ मिमी. मार्जिन धरले की किरण पडणारे आकारमान जवळजवळ दुप्पट होते, आणि वाढलेला हा सगळा भाग निरोगी असतो. या शतकाच्या सुरुवातीस लिनॅकवरच बसवलेले कोन-बीम सीटी आले. डेव्हिड जॅफ्रे आणि सहकाऱ्यांनी मिशिगनमध्ये ते विकसित केले. त्यात हाडे चांगली दिसतात; पण स्वादुपिंड कुठे संपले आणि आतडे कुठे सुरू झाले, हे बऱ्याचदा अंदाजानेच ठरवावे लागते. शिवाय ते चित्र उपचाराच्या आधीचे असते, उपचार चालू असतानाचे नाही.

एमआरआय आणि लिनॅक ही दोन यंत्रे मुळात एकमेकांची वैरी. लिनॅकमध्ये इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग द्यावा लागतो आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवते. उलट लिनॅकच्या शक्तिशाली रेडिओ-स्पंदांपुढे एमआरआयचे क्षीण संकेत बुडून जातात. त्यातच लिनॅकचे लोखंडी भाग चुंबकीय क्षेत्राची समता बिघडवतात. युत्रेख्तच्या गटाने यावर काढलेला तोडगा फार देखणा आहे. चुंबकाभोवतीच्या संरक्षक वेटोळ्यांची रचना त्यांनी अशी बदलली, की चुंबकाबाहेर जवळजवळ शून्य क्षेत्राचे एक कडे तयार झाले. लिनॅकची इलेक्ट्रॉन-बंदूक या कड्यातच फिरते. वेटोळ्यांच्या मधोमध फट ठेवून क्ष-किरणांना चुंबकातून वाट करून दिली आणि रेडिओ-गोंगाट अडवणारा धातूचा पिंजरा दोन यंत्रांच्या मध्ये आणला. एडमंटनच्या जीनो फॅलोन यांनी लिनॅक आणि चुंबक एकमेकांना पक्के जोडून दोन्ही एकत्र फिरवले. २००८ च्या अखेरीस त्यांनी ०.२ टेस्ला चुंबकीय क्षेत्राच्या यंत्रावर चित्रे मिळवून दाखवली. २००९ मध्ये युत्रेख्तने १.५ टेस्ला चुंबकावर किरण चालू असताना डुकराच्या मांसाच्या तुकड्याचे स्वच्छ चित्र काढले. वीस वर्षांच्या या कहाणीत निर्णायक ठरले ते कसायाकडचे हे मांस.

यंत्र जुळले तरी रुग्णाच्या शरीरात एक अडचण उरतेच. क्ष-किरणांनी ऊतींतून सुटे केलेले इलेक्ट्रॉनच पेशींना मात्रा देतात, आणि चुंबकीय क्षेत्रात त्यांचे मार्ग काही मिलिमीटर त्रिज्येत वळतात. ऊतीतून हवेत निसटलेला इलेक्ट्रॉन गिरकी घेऊन पुन्हा ऊतीच्या पृष्ठभागावर येऊन पडतो. मलाशयातील वायूचा बुडबुडा किंवा फुप्फुसाची कड अशा ठिकाणी त्यामुळे मात्रा वाढते. समोरासमोरच्या दिशांनी किरण दिले तर हा परिणाम बराचसा भागतो, आणि उपचाराची आखणी करणारी संगणकप्रणाली चुंबकीय क्षेत्र हिशेबात धरूनच मात्रा काढते. मात्रा मोजणाऱ्या आयनीभवन-कक्षांचे वाचनही या क्षेत्रात बदलते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे दुरुस्ती-गुणक ठरवावे लागले. वैद्यकीय भौतिकीतज्ज्ञांची कित्येक वर्षे या कामात गेली.

रुग्णांवर वापर आधी अमेरिकेत झाला. जेम्स डेम्पसी यांनी स्थापन केलेल्या ‘व्ह्यूरे’ कंपनीने ०.३५ टेस्लाचा दुभंगलेला चुंबक घेतला आणि लिनॅकची कटकट टाळून कोबाल्ट-६० चे तीन स्रोत बसवले. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०१४ मध्ये त्यावर उपचार सुरू झाले. लिनॅक असलेली आवृत्ती २०१७ मध्ये आली. युत्रेख्तच्या १.५ टेस्ला यंत्रावरील पहिले रुग्ण मे २०१७ मधले, कंबरेच्या मणक्यात कर्करोग पसरलेले. हाडांचे लक्ष्य मुद्दामच निवडले होते, कारण नेम बरोबर लागला की नाही ते साध्या क्ष-किरण चित्रावरही ताडून पाहता येत होते. ‘एलेक्टा’ आणि ‘फिलिप्स’ यांच्या साहाय्याने घडलेले हे यंत्र २०१८ पासून ‘युनिटी’ नावाने विकले जाते.

युनिटीचे टेबल आतबाहेर सरकते, डावीउजवीकडे नाही. नेहमीच्या लिनॅकवर रुग्ण सरकवून नेम साधतात. इथे रुग्ण आहे तिथेच राहतो आणि आखणी सरकते. त्यामुळे रोज नव्याने बेत करावा लागतो. आधी एमआरआय काढायचा. मग अवयवांच्या जुन्या रेषा त्यावर आणून डॉक्टरांनी दुरुस्त करायच्या, मात्रेचा हिशेब पुन्हा करायचा, भौतिकीतज्ज्ञाने तो तपासायचा आणि नंतरच किरण चालू करायचे. एमआरआयमधून ऊतींची इलेक्ट्रॉन-घनता थेट कळत नसल्याने ती सीटीवरून उसनी घ्यावी लागते. एका बैठकीला अर्धा ते एक तास लागतो. गंमत अशी, की प्रोस्टेटच्या रुग्णाच्या रेषा सुधारेपर्यंत त्याचे मूत्राशय आणखी भरलेले असते. म्हणून किरण देण्यापूर्वी पुन्हा एक चित्र काढून खात्री करतात. पेसमेकर असलेल्या बऱ्याच रुग्णांना आणि बंद जागेची धास्ती असणाऱ्यांना हे यंत्र सोयीचे नाही.

फायद्याचा सर्वांत भक्कम पुरावा प्रोस्टेटच्या कर्करोगातला आहे. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात सीटीच्या आणि एमआरआयच्या आधाराने नेम साधलेल्या दोन गटांची तुलना करणाऱ्या ‘मिराज’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच बैठकांच्या उपचारानंतर सुरुवातीच्या काळात मध्यम किंवा तीव्र मूत्रविषयक त्रास सीटी गटात ४३.४ टक्के, तर एमआरआय गटात २४.४ टक्के रुग्णांना झाला. आतड्यांचा तसा त्रास १०.५ टक्क्यांवरून शून्यावर आला. मात्र सीटी गटाचे मार्जिन ४ मिमी. आणि एमआरआय गटाचे २ मिमी. होते. म्हणजे यश चुंबकाचे की लहान मार्जिनचे, हा प्रश्न रास्त आहे. इतके लहान मार्जिन धरण्याचे धाडस एमआरआयमुळेच झाले, असे त्यावर उत्तर देता येते. स्वादुपिंडाच्या गाठींना पाच बैठकांत ५० ग्रेपर्यंत मात्रा देता येते हे दिसले आहे, पण त्याने आयुष्य किती वाढते हे ठरवायला यादृच्छिक तुलनाच हवी. उपचाराच्या दिवसांत रोज विसरण-प्रतिमा, म्हणजे ऊतींतील पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारी एमआरआय चित्रे, काढून गाठीचा प्रतिसाद मोजण्याचे संशोधनही चालू आहे. १.५ टेस्लाचा खरा उपयोग पुढे तिथेच होईल, असे वाटते.

खर्च हा या यंत्राचा कच्चा दुवा. नेहमीच्या लिनॅकपेक्षा किंमत बरीच जास्त आणि दिवसाला होणारे रुग्ण मात्र कमी. जुलै २०२३ मध्ये व्ह्यूरेने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा तिची यंत्रे वापरणाऱ्या रुग्णालयांपुढे देखभालीचा आणि सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. कंपनी पुढे नव्या स्वरूपात पुन्हा सुरू झाली.