हुतुतूपासून कबड्डीपर्यंत : आपल्या मुलींचा खेळ

स्मरणिकेसाठी काही लिहा असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. प्रथम वाटले, एखादी पाककृती द्यावी. परंतु पाककृती दरवर्षी येतातच. म्हणून ज्या खेळाने लहानपणी मला वेड लावले होते, त्याची हकीकत सांगावयाचे ठरविले. माझी आजी त्याला हुतुतू म्हणे. शाळेत त्याचे नाव कबड्डी झाले.

हा खेळ फार जुना आहे. बंगालमध्ये त्याला हाडुडू म्हणतात, तमिळनाडूत चेडुगुडू. पूर्वी गावोगावचे नियम निराळे असत. सन १९२३ मध्ये बडोद्याला नियम छापले गेले आणि खेळाला शिस्त आली. पुढे १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने परदेशी लोकांना हा खेळ करून दाखविला. वऱ्हाडच्या मातीतला खेळ सातासमुद्रापार गेला, ह्याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे.

पण त्या वेळी मुली कोठे होत्या? मुली घरी होत्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढे टिपऱ्या खेळाव्या, मंगळागौरीला फुगडी आणि झिम्मा घालावा, एवढीच त्यांना मुभा होती. खरे पाहता फुगडीलाही दम लागतो आणि झिम्म्यालाही पाय घट्ट लागतात. बायकांच्या अंगी दम नव्हता असे मुळीच नाही. मैदान तेवढे नव्हते.

१९५० साली अखिल भारतीय कबड्डी संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १९५५ साली, कलकत्त्याला स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, तर स्त्रियांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. मैदानात खेळाडू मात्र दोघांचेही सात सातच. चढाई, पकड, लोण हे सारे तेच. महाराष्ट्राच्या मुलींनी ह्या खेळात मोठे नाव मिळविले. पुण्याच्या शकुंतला खटावकर ह्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, स्त्रियांची मात्र २०१० साली. आपल्या देशाने मुलींना तीन वर्षे थांबविले, आशियाने वीस! परंतु संधी मिळताच पहिल्याच वर्षी भारताच्या मुलींनी सुवर्णपदक आणले. २०१२ साली पाटण्याला स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत आपण इराणला हरविले. त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे ह्या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. २०१६ साली पुरुषांच्या लीगबरोबर तीन संघांची स्त्रियांची लीगही झाली आणि घरोघरी दूरदर्शन संचावर बायकांचे सामने दिसले.

पुढे २०१८ साली जाकार्ताला अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्याला हरविले. मला वाईट वाटले. पण इराणच्या मुलींना शिकविणाऱ्या बाई होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच एका मराठी बाईने परक्या देशात जाऊन, डोक्याला रुमाल बांधून खेळणाऱ्या मुलींकडून सुवर्णपदक जिंकवून घेतले! मग २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊ येथे आपल्या मुलींनी ते पदक पुन्हा जिंकले. अंतिम सामना २६ विरुद्ध २५, एका गुणाचा फरक. त्या खेळांतले भारताचे ते शंभरावे पदक होते.

माझ्या मुलीने मला अमेरिकेतला एक खेळ मोबाइलवर दाखविला. चाकांचे बूट घालून बायका गोल धावतात आणि एकजण समोरच्या संघाची फळी फोडून पुढे जाते. तोही धक्काबुक्कीचाच खेळ. १९३५ साली शिकागोत तो सुरू झाला, नंतर मागे पडला. सुमारे २००१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन गावच्या बायकांनी तो पुन्हा उभा केला आणि आपले संघ आपणच चालविले. मला वाटले, हे तर महिला मंडळाचेच काम झाले.

आता माझी गोष्ट. दारव्हा तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या शाळेत मी चढाईला जात असे. शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या शाळेसाठी तालुक्याला जावे लागे. वडील म्हणाले, "झाले तेवढे पुरे." शाळा सुटली, तिच्याबरोबर खेळही सुटला. वडिलांवर माझा राग नाही. त्यांना कोणी दुसरे सांगणारे नव्हते.

गेल्या वर्षी माझी मुलगी शाळेच्या संघात निवडली गेली. शेजारपाजारच्या बायका म्हणू लागल्या, "लग्नाची पोर, हातपाय मोडला तर?" मीही डगमगले. तेव्हा माझ्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काहून अडवता तिले? कापूस वेचतानी पाय मुरगळला तं कोणी लगन मोडत नाही. मंग खेळतानी मुरगळला तं काहून मोडन?" कोणापाशी उत्तर नव्हते. मुलगी खेळावयास गेली. त्यांचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला, पण ती गुडघे खरचटून हसत घरी आली.

भगिनींनो, गावात मैदान आहे. परंतु संध्याकाळी तेथे मुलेच असतात आणि मुली कडेला उभ्या राहून पाहतात. आपल्या मंडळाने आठवड्यातून दोन संध्याकाळी ते मैदान मुलींसाठी मागून घ्यावे, आणि त्या वेळी आपणांपैकी दोघी-तिघींनी तेथे जाऊन बसावे, एवढीच माझी सूचना आहे. खर्च फक्त चुन्याचा, रेषा आखण्यापुरता. पहिल्या दिवसाचा चुना मी आणीन.