नवी मुंबईतील महिला फुटबॉल

नवी मुंबई हे महाराष्ट्रातील ठाणे व रायगड या दोन जिल्ह्यांत विस्तारलेले नियोजित शहर आहे. महिला फुटबॉलमधील दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे अंतिम सामने २०२२ या एकाच वर्षात या शहरात खेळले गेले. त्यांपैकी पहिली आशियाई महिला चषक स्पर्धा, तर दुसरी १७ वर्षांखालील मुलींची फिफा विश्वचषक स्पर्धा होय. असे असले तरी, इंडियन वुमेन्स लीग या राष्ट्रीय स्पर्धेच्या सर्वोच्च श्रेणीत २०२४-२५ च्या हंगामापर्यंत शहराच्या नावाने खेळणारा एकही महिला क्लब संघ उतरला नव्हता. यजमानपद आणि संघबांधणी यांतील ही तफावत शहराच्या महिला फुटबॉलचे प्रधान वैशिष्ट्य म्हणावी लागते.

पार्श्वभूमी

भारतात महिला फुटबॉलला संघटित रूप आले ते १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघाच्या स्थापनेने. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा त्याच वर्षी लखनौ येथे झाली. पुढील काही वर्षांतच भारतीय महिलांनी आशियाई पातळीवर लक्षणीय यश मिळवले. जानेवारी १९८० मध्ये कालिकत येथे भरलेल्या आशियाई स्पर्धेत आणि १९८३ मध्ये बँकॉक येथील स्पर्धेत भारत उपविजेता ठरला. १९९० च्या दशकाच्या आरंभी या खेळाची सूत्रे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आली. त्यानंतर राज्य संघांची राष्ट्रीय स्पर्धा चालू राहिली, मात्र क्लबांसाठी राष्ट्रीय लीग सुरू होण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

नवी मुंबईचा इतिहास याच कालखंडाशी समांतर चालतो. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, तर नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १९९२ मध्ये सुरू झाला. नोडनिहाय आखणी असलेल्या या शहरात प्रत्येक वसाहतीत शाळा व मैदान यांसाठी जागा राखलेली होती. मुलींच्या पायाला चेंडू लागला तो बहुधा शाळेच्या पटांगणातच. कोल्हापुरात पेठांच्या तालमींनी फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालीम मंडळांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. अशी मुहल्लागत निष्ठा नव्या शहरात निर्माण होण्यास अवधी लागणे स्वाभाविक आहे. अर्थात, तालमींची ती परंपराही प्रामुख्याने पुरुषांचीच होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

मैदाने

नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडा संकुलाचे उद्घाटन ४ मार्च २००८ रोजी झाले. त्याच वर्षी इंडियन प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना येथे झाला. हे मैदान मूलतः क्रिकेटचे. त्यामुळे फुटबॉलच्या आयताकृती मैदानापासून प्रेक्षकांची आसने दूर राहतात. तरीही २०१४ व २०१५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी एफसी या क्लबने हेच आपले घरचे मैदान मानले. २०१७ मध्ये मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकातील स्पेन व माली यांच्यातील उपांत्य सामनाही येथे खेळला गेला.

खारघर येथे सिडकोने फुटबॉल उत्कृष्टता केंद्र उभारले असून आशियाई महिला स्पर्धेच्या तोंडावर, २०२२ च्या आरंभी त्याचा प्रारंभ झाला. घणसोली येथे रिलायन्स फाउंडेशनची निवासी फुटबॉल अकादमी २०१५ पासून चालते. मात्र ती मुलग्यांसाठी सुरू झाली.

आशियाई महिला चषक, २०२२

कालिकतच्या स्पर्धेनंतर चार दशकांनी भारताला आशियाई महिला स्पर्धेचे यजमानपद पुन्हा लाभले. आरंभी भुवनेश्वर व अहमदाबाद यांची नावे पुढे होती. पण करोनाकाळात संघांचा प्रवास कमी व्हावा या हेतूने सर्व सामने महाराष्ट्रातच घेण्याचे ठरले. त्यानुसार नेरूळचे डी. वाय. पाटील मैदान, अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरीना आणि पुण्यातील बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल ही तीन केंद्रे निश्चित झाली. स्पर्धेतील संघांची संख्या आठवरून प्रथमच बारा करण्यात आली होती. याच स्पर्धेतून २०२३ च्या विश्वचषकासाठी आशियाई संघ निवडले जाणार होते. उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्या संघांनाही पुढील पात्रता सामन्यांचा मार्ग खुला होता. त्यामुळे यजमान भारताला विश्वचषकाचे दार कधी नव्हे इतके जवळ आले होते.

२० जानेवारी २०२२ रोजी नेरूळ येथे भारताचा पहिला सामना इराणशी झाला. इराणचा संघ या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. भारताने संधी निर्माण केल्या, परंतु गोल झाला नाही व सामना ०-० असा बरोबरीत सुटला. दुसरा सामना २३ जानेवारीला याच मैदानावर चिनी तैपेईशी होता. त्याआधीच भारतीय संघातील अनेक खेळाडूंना करोनाची लागण झाल्याचे आढळले. नियमाप्रमाणे सामन्यासाठी किमान १३ खेळाडू उपलब्ध असणे आवश्यक होते. तेवढे खेळाडू उभे करणे भारताला शक्य झाले नाही आणि सामना झालाच नाही. स्पर्धेच्या विशेष नियमांनुसार आशियाई महासंघाने भारताने माघार घेतल्याचे मानले. इराणविरुद्धची बरोबरीही रद्दबातल ठरली. चीनविरुद्धचा उरलेला सामना अर्थातच रद्द झाला. २००३ नंतर प्रथमच या स्पर्धेत खेळणाऱ्या भारताच्या नावावर गुणतक्त्यात एकही सामना उरला नाही. ९० मिनिटे प्रत्यक्ष खेळूनही अधिकृत नोंदीत शून्य सामने, असा हा विलक्षण प्रकार होता. मैदानावर पराभूत न होता स्पर्धेबाहेर जावे लागल्याने खेळाडूंची निराशा अधिकच गडद झाली.

स्पर्धा पुढे चालू राहिली. ६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाने मध्यंतरापर्यंत चीनवर २-० अशी आघाडी घेतली होती. उत्तरार्धात तांग च्याली हिने पेनल्टीवर व चांग लिनयान हिने मैदानी गोल करून बरोबरी साधली. भरपाई वेळेत श्याओ यूयी हिच्या गोलाने चीनने ३-२ असा विजय मिळवून नववे विजेतेपद पटकावले. चीनच्या प्रशिक्षक श्वे चिंगश्या या स्वतः माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू होत. महाराष्ट्राच्या दृष्टीने तो दिवस वेगळ्याच कारणाने स्मरणात राहिला. त्याच दिवशी सकाळी लता मंगेशकर यांचे मुंबईत निधन झाले होते.

१७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक, २०२२

ही स्पर्धा मुळात २०२० मध्ये भारतात व्हावयाची होती. करोनामुळे ती प्रथम लांबणीवर पडली, नंतर रद्द झाली आणि २०२२ च्या स्पर्धेचे यजमानपद भारताला देण्यात आले. स्पर्धेला दोन महिने उरले असताना, ऑगस्ट २०२२ मध्ये, कारभारातील बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. त्यामुळे यजमानपद पुन्हा धोक्यात आले. २६ ऑगस्टला निलंबन मागे घेण्यात आल्यावर मार्ग मोकळा झाला.

११ ते ३० ऑक्टोबर या काळात भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे सोळा संघांची ही स्पर्धा झाली. भारताचे तिन्ही सामने भुवनेश्वरला होते. अमेरिकेविरुद्ध ०-८, मोरोक्कोविरुद्ध ०-३ व ब्राझीलविरुद्ध ०-५ असे पराभव पत्करून भारताचे आव्हान साखळीतच संपले. ३० ऑक्टोबरला नेरूळ येथे अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. हा एकमेव गोल ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या बचावपटूकडून झालेला स्वयंगोल होता. स्पेनने याद्वारे २०१८ चे विजेतेपद राखले. त्याच दिवशी याच मैदानावर झालेल्या तिसऱ्या स्थानाच्या लढतीत नायजेरियाने जर्मनीला ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले.

क्लब संघ

मोठ्या स्पर्धा येतात आणि जातात. खेळाडू घडते ती क्लबात, आणि नवी मुंबईचा, किंबहुना एकूण महाराष्ट्राचा, प्रश्न येथेच आहे. इंडियन वुमेन्स लीगच्या २०१६-१७ च्या पहिल्या हंगामात एफसी पुणे सिटी हा क्लब सहभागी होता. २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला. २०१८-१९ व २०१९-२० या हंगामांत एफसी कोल्हापूर सिटी, २०२१-२२ मध्ये मुंबईतील पिफा स्पोर्ट्स आणि २०२२-२३ मध्ये मुंबई नाइट्स हे संघ उतरले. या चार क्लबांपैकी सलग दोन हंगाम दिसला तो कोल्हापूरचा. २०२३-२४ व २०२४-२५ च्या हंगामांत सर्वोच्च श्रेणीत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

या अस्थिरतेचे एक कारण लीगच्या रचनेत आढळते. २०२२-२३ पर्यंत अंतिम फेरीचे सामने दिल्ली, शिलाँग, लुधियाना, बंगळुरू, भुवनेश्वर, अहमदाबाद अशा एकेका शहरात काही आठवड्यांत उरकले जात. तेवढ्या अवधीसाठी संघ जमवणे क्लबांना परवडत असे. वर्षभराचे वेतन, घरचे मैदान व स्थानिक प्रेक्षक यांची गरज भासत नसे. २०२३-२४ पासून घरच्या व प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आळीपाळीने सामने होऊ लागले. तेव्हा टिकाऊ यंत्रणा असलेले मोजके क्लबच उरले. २०१४ व २०१५ मध्ये नेरूळला घरचे मैदान मानलेल्या मुंबई सिटी एफसीनेही २०२४-२५ पर्यंत या लीगमध्ये महिला संघ उतरवला नव्हता.

दुसरे कारण प्रशासकीय आहे. राज्यातील फुटबॉलची धुरा वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे असून तिची बांधणी जिल्हानिहाय आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर हे भाग ठाणे जिल्ह्यात, तर खारघर रायगड जिल्ह्यात व पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. साहजिकच, लोकांच्या बोलण्यातील एक शहर क्रीडा संघटनांच्या दप्तरी विभागले जाते.

शालेय पातळी

शालेय क्रीडा स्पर्धांत मात्र महानगरपालिकेला स्वतंत्र घटक मानले जाते. महानगरपालिका, विभाग व राज्य अशा पायऱ्या चढत शाळांचे संघ पुढे जातात. सुब्रतो चषक या आंतरशालेय स्पर्धेत २०१२ पासून १७ वर्षांखालील मुलींचा गट असल्याने शाळांना मुलींचा संघ बांधण्यास निमित्त मिळाले. अडचण येते ती त्यानंतर. दहावीच्या परीक्षेच्या वर्षी बऱ्याच मुलींचा सराव सुटतो. शाळा संपली की संघही संपतो. मुलग्याला गल्लीतला किंवा क्लबचा संघ मिळतो, मुलीला तो क्वचितच सापडतो. शाळा व वरिष्ठ संघ यांच्यामधली ही रिकामी पायरी भरून काढणे हे स्थानिक क्लबाचे काम होय.

अलीकडील घडामोडी

नेरूळच्या मैदानाने महिला खेळाडूंसाठी प्रेक्षक येतात हे क्रिकेटमध्ये सिद्ध केले आहे. मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना येथे झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक येथेच प्रथम जिंकला. फुटबॉलमध्ये भारतीय महिला संघाने ५ जुलै २०२५ रोजी च्यांग माई येथे थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला. २०२२ मध्ये भारताला यजमान म्हणून थेट स्थान मिळाले होते. या वेळी ते पात्रता सामने खेळून मिळाले. या सामन्यातील भारताचे दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले.