काळी, पांढरी आणि इंद्रायणी : चिखलीच्या परिसर-ओळखीचा इतिहास

पिंपरी-चिंचवडच्या उत्तर सीमेवर, इंद्रायणीच्या दक्षिण काठी वसलेल्या चिखलीचा इतिहास सहसा कारखान्यांपासून सांगितला जातो. वस्तुतः या गावाला स्वतःच्या जागेची असलेली ओळख त्याहून कितीतरी जुनी असून ती नदी, माळ आणि समोरचे डोंगर पायाखाली घालूनच झालेली होती. दख्खनच्या गावगाड्यात वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’ म्हणत. नदीने आणून टाकलेली गाळाची माती शेतीला द्यायची आणि घरे चढावर बांधायची, हा नदीकाठच्या गावांचा रिवाज पुराच्या अनुभवातून आलेला होता. गायरान, म्हणजे गावाची सामाईक चराऊ जमीन, कुठवर आणि शीव कोणत्या ओढ्यावरून जाते, हे गुराख्याच्या पोरालाही नकाशावाचून ठाऊक असे.

सतराव्या शतकात या ओळखीला भक्तीची जोड मिळाली. तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांत, म्हणजे कीर्तनात मागे उभे राहून टाळ धरणाऱ्या साथीदारांत, मल्हारपंत कुलकर्णी चिखलीकर यांची गणना होते आणि ‘टाळगाव चिखली’ हे नाव गाव आजही अभिमानाने मिरवते. या टाळकऱ्यांची गावे मांडून पाहिली, तर चाकणचे संताजी जगनाडे, सुदुंबऱ्याचे गवरशेठ वाणी, येलवाडीचे मालजी गाडे, कडूसचे गंगाधर मवाळ अशी महाराजांच्या देहू गावाच्या पंचक्रोशीची आणि तिच्या आसपासच्या मुलखाची एक जिती-जागती आकृती उभी राहते, आणि आजचा चाकणचा औद्योगिक पट्टा बव्हंशी तिच्यावरच पसरला आहे. महाराज ज्या भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर या डोंगरांवर एकांतासाठी जात, त्यांपैकी पहिले दोन इंद्रायणीच्या उत्तरेस आहेत. भामचंद्राच्या पायथ्याच्या वासुली-शिंदे परिसरात आता औद्योगिक वसाहत उभी आहे.

नदीशी असलेल्या नात्याचा सर्वांत बोलका पुरावा देहूच्या डोहातील मासे होत. मोठ्या, जाड खवल्यांचा महसीर मासा तेथे देवाचा मानला गेल्याने त्याला कोणी गळ लावीत नसे. दख्खनच्या नद्यांतील या माशाचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून प्रसिद्ध केले आणि जातीच्या नावात ‘खुडरी’ हा देशी शब्द राहू दिला. पुढे धरणे आणि सांडपाणी यांमुळे हा मासा दुर्मीळ होत गेला, तेव्हा लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. श्रद्धेने डोहापुरते जे राखले होते, ते वाचवण्यासाठी अखेर प्रयोगशाळेची मदत घ्यावी लागली.

१९६२ नंतर पिंपरी-चिंचवडला औद्योगिक क्षेत्र आले, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९९७ साली चिखली महापालिकेत गेली. गायराने व शेते सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखली जाऊ लागली. तरीही याच काळात टेल्को या वाहन-कारखान्याच्या आवारात कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या आग्रहाने तलाव खोदला गेला, उघड्या माळावर झाडे लावली गेली आणि पाणपक्षी तेथे उतरू लागले. कारखान्याने माळ घेतला, पण त्याच्या एका तुकड्याला पाणी आणि सावलीही दिली, हे नमूद करणे न्याय्य आहे.

इंद्रायणीच्या पात्रालगत मात्र असा समतोल राखला गेला नाही. निळी पूररेषा म्हणजे साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. तिच्या आत बांधकामास मनाई असते. तिच्या आतच चिखलीत ३६ बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०२४ मध्ये ते पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने ते जमीनदोस्त केले. ज्या जमिनीवर ते उभे होते, तिला जुन्या गावाने काळीतच धरले असते; घर मागणाऱ्याला तेव्हा चढाकडे बोट दाखवले गेले असते.